पुतळीची मागची बाजू

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

जोहे, ता. पेण
१० नोव्हेंबर २०२४

ती. जनूआत्यास,
पुंडलिकाचा सा. न. वि. वि.

तुझी नात ऋतुजा आज रोह्याला येते आहे, तिच्याच हाती हे पत्र देतो. ती पेणला शिकायला आल्यापासून आपलं घरचं टपालखातं सुरू झालं हे बरं झालं. तुझे कान गेल्यापासून फोनवर माझं तुझं काही जमत नाही. मागच्या वेळी मी तुझ्या गुडघ्याची चौकशी केली, तर तू मला खवलं काढून जिताडं कसं साफ करायचं ते सांगत बसलीस. तुझी भाचेसून अनिता अजून हसते आहे.

गणपतीचा हंगाम पार पडला. यंदा अकराशे मूर्तींची आखणी माझ्या एकट्याच्या हातची झाली. देवाचे डोळे आखताना मी बोलत नाही हे तुला माहीत आहे. तेवढ्या दिवसांचं न बोललेलं आता पत्रात उतरतं आहे, तेव्हा लांबलं तर रागावू नकोस. आता माघी गणपतींचं काम हळूहळू सुरू होईल. भात कापून झालं. अनिता बरी आहे.

आता मुद्द्याचं. येत्या १८ जानेवारीला तुम्ही अठरा जणींनी खारबांध राखला त्याला पन्नास वर्षं होतात. आपल्या खारबांध मंडळाचा चिटणीस पोपट परवा कारखान्यात आला होता. मंडळाचे साहेब त्या दिवशी पेणला मोठं हळदीकुंकू करणार आहेत. येणाऱ्या प्रत्येक बाईला वाण म्हणून तुम्हा अठरा जणींना मिळालेल्या बांधाच्या चांदीच्या पुतळीची नक्कल द्यायची, आणि ती तिने तिथेच गळ्यात घालायची, असं ठरलं आहे. नक्कल करायला अस्सल पुतळी हवी. पोपटने चार घरं पालथी घातली. एकीच्या सुनेने पुतळी मोडून बाळाला वाळे केले. एकीची पेटीत होती, ती पेटीच कुठे गेली ठाऊक नाही. गळ्यात असलेली आता फक्त तुझी.

रबराचा साचा मी काढून द्यायचा आहे, आणि तुला न विचारताच मी हो म्हणून बसलो आहे, हेही सांगून टाकतो. आठ दिवसांसाठी देशील का? मला माहीत आहे की ती तू कधी काढलेली नाहीस. लहानपणी तू माहेरी आलीस की तुझ्या मांडीवर झोपताना मी ती तोंडात धरायचो. खारट लागायची. चांदी खारटच असते असं मला कित्येक वर्षं वाटत होतं.

तुझा लोभ आहेच. रोह्याच्या पाण्याने तो पातळ झाला नसेल असं धरून चालतो.

तुझा
पुंडलिक


॥ श्री धावीर महाराज प्रसन्न ॥

रोहा
१७ नोव्हेंबर २०२४

चि. पुंडलिकास,
आत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. माझे कान गेले, अक्कल नाय गेली, हे अनिताला सांग. आणि जिताडं साफ करायला ती अजून शिकलेली नाय हे मला ठाऊक हाय, म्हणूनच सांगत होते.

आधी हो म्हणायचं आणि मग विचारायचं, ही तुझ्या बापाची सवय. दादा तसाच होता. माझं लग्नही त्यानं असंच ठरवलं. त्यात तुझे आतोबा कंपनीत कारकून. कंपनी कुठली, तर जिनं आपली खारी जमीन घ्यायला बांध फुटू दिला तीच. मी वीस वर्षांची. तुरुंगातून येऊन वर्ष झालेलं. गळ्यात पुतळी.

तू तेव्हा नव्हतास, म्हणून पुन्हा सांगते. बांधाला खांड पडली, खाडीचं पाणी भाताच्या जमिनीत शिरत होतं, आणि सरकारी हुकूम आला की दुरुस्तीला हात लावायचा नाय. पुरुषमाणसं कागद घेऊन अलिबागला. आम्ही अठरा जणी रांगेत उभ्या राहिलो आणि चिखलाची टोपली हातोहात देत खांड बुजवली. शनिवार होता. आमच्यातल्या सिपोराच्या घरचा तेलाचा घाणा शनिवारी बंद, तिच्या यहुदी लोकांत त्या दिवशी कामाला हात लावत नायत. तरी ती आली. म्हणाली, गो, खांड काय शनिवार बघते का! संध्याकाळी आम्हाला नेलं. सतरा दिवस आत.

सुटून आलो तेव्हा गावागावांनी थोडी थोडी चांदी जमवली. कुणी जोडवं दिलं, कुणी पोराच्या करगोट्याचा घुंगरू. पेणच्या सोनारानं सगळी एकत्र वितळवून अठरा पुतळ्या केल्या. चार आण्याच्या नाण्याएवढी, पुढं बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं फळ्यांचं दार, आणि तिच्याखाली पाण्याच्या दोन लाटा. मागं कोरी. कुणाचं जोडवं कुणाच्या गळ्यात गेलं ते कुणालाच ठाऊक नाय, तीच तर गोडी.

लग्नात सासू म्हणाली, दुसऱ्याचा झेंडा गळ्यात घालून सून आणलीत. दादानं काय केलं, पुतळी माझ्या मंगळसूत्रातच ओवून टाकली. पुढं एकदा कंपनीचा मोठा साहेब घरी चहाला येणार होता. आतोबा मला म्हणाले की तेवढी पदराआड कर. मी म्हटलं, गळ्यात दोन वस्तू हायत आणि दोरा एक हाय. झाकायची तर दोन्ही झाकीन, काढायची तर दोन्ही काढीन. साहेबाला चहा मीच दिला, पुतळी पदरावर. साहेब बघत होता आणि आतोबा बिस्किटांची बशी पुढं करत होते. रिटायर झाले तेव्हा कंपनीनं त्यांना घड्याळ दिलं. दोन वर्षांत बंद पडलं. म्हणाले, माझ्या कंपनीचं घड्याळ थांबलं, तुझ्या मंडळाची पुतळी चालूच हाय!

ते गेले तेव्हा बाया मंगळसूत्र उतरवायला आल्या. मी पुतळी मुठीत धरली. ही नवऱ्याच्या नावाची नाय, बांधाच्या नावाची हाय, असं म्हटलं. बायांना ते कसंसंच वाटलं. पण तीच सासू, नव्वदीची, उठून आली आणि काळ्या दोऱ्यात ओवून तिनंच माझ्या गळ्यात बांधली.

म्हणून सांगते, मंडळाचे झेंडे तीनदा बदलले, साहेब दोनदा. मी झेंड्यासाठी घातलेली नाय. ज्यांनी काढल्या त्यांचं मला काय पण बोलायचं नाय. सिपोरा इस्रायलला गेली, जायच्या आधीच तिचा गळा मोकळा होता, मी डोळ्यांनी बघितला. आणि धोंडूनं, माझ्या जिवाच्या धोंडूनं, आपली काढून कुणाला तरी दिली. विचारलं तर नुसती हसली. तीस वर्षं झाली, मी तिच्या दारात पाय ठेवला नाय. तिचं नाव माझ्याकडं काढू नको.

पुतळी ऋतुजाबरोबर पाठवते. आठ दिवस म्हणजे आठ दिवस. कुणाच्या गळ्यात घालून बघायची नाय, अनिताच्यासुद्धा. आणि हाय तशी परत दे.

तिकडच्या हळदीकुंकवात आम्हा विधवांना कुठं बसवणार ते पोपटला विचारून ठेव.

आशीर्वाद आहेतच. मोजून घेऊ नको, तुला पुरतील एवढे हायत.

तुझी
आत्या


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

जोहे
१ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
पुंडलिकाचा सा. न. वि. वि.

आठाचे चौदा दिवस झाले, त्याची आधी माफी मागतो. पुतळी या पत्रासोबत ऋतुजाकडे देत आहे. लाल कापडात आहे.

ती हातात आली त्या दिवशी मी काम केलं नाही. देवघरात गणपतीपुढे ठेवली आणि नुसता बघत बसलो. आम्ही मूर्तीला दागिने रंगवतो. मुकुट, बाजूबंद, मोत्यांच्या माळा, सगळा सोनेरी रंग. इतकी वर्षं रंगवतो आहे, पण एखादा दागिना माणसाच्या अंगावर राहून माणसासारखा होतो हे पहिल्यांदाच बघितलं. कडा झिजून मऊ झाल्या आहेत. उघाडीची एक फळी तर जवळजवळ पुसली गेली आहे. तरी बोट लावलं की कळतं, हा बांध, हे पाणी. साहेबाच्या समोर बिस्किटांची बशी धरणाऱ्या आतोबांनाही मी मनातून नमस्कार केला. बायकोचा हट्ट जपणारा माणूस लहान नसतो.

साचा उत्तम निघाला. तुला ठाऊक आहे, साचा काढायच्या आधी मूळ नग निर्दोष करायचा असतो. मुळात खोट राहिली की हजार मूर्तींत ती खोट उतरते, हे बाबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पुतळी काळवंडली होती, ती चिंच आणि रांगोळीने घासली. मागच्या बाजूला बरेच ओरखडे पडले होते. तिथे साहेबांचं नाव येणार आहे, म्हणून ती बाजू सपाट हवी होती. बारीक पॉलिश पेपर फिरवून सगळे ओरखडे काढले. अर्धा दिवस गेला, पण आता आरशासारखी झाली आहे. पन्नास वर्षांपूर्वी सोनाराने दिली असेल तशी. तू ओळखणारच नाहीस.

पोपट म्हणतो की विधवांनाही मानाने बोलावणार, तू तर व्यासपीठावर साहेबांच्या शेजारी बसायचं.

अनिताने पेणचे पोहे पाठवले आहेत. जिताडं तिला जमत नाही हे तिने मान्य केलं आहे.

माया आहे तेवढीच ठेव, उशिराचा दंड म्हणून कापू नकोस.

तुझा
पुंडलिक


॥ श्री धावीर महाराज प्रसन्न ॥

रोहा
५ डिसेंबर २०२४

चि. पुंडलिकास,
आशीर्वाद.

पुतळी पोचली. सुंदर दिसते. माझी वाटत नाय.

ते ओरखडे नव्हते रे. त्या रेघा मी मारल्या होत्या, दाभणानं, एकेक. आमच्यातली जी पुतळी गळ्यात ठेवून गेली, तिची एक रेघ. जिनं काढली तिची नाय. अकरा झाल्या होत्या. संध्याकाळी दिवा लावला की मी मागच्या बाजूनं बोट फिरवायची. एक रेघ खोल, एक आखूड, एक जरा तिरकी. बोट लागलं की नाव यायचं. कान गेल्यापासून देवाची आरतीसुद्धा मला ऐकू येत नाय, माझी आरती तेवढीच होती.

काल दिवा लावून बसले. बोट नुसतं घसरत राहिलं. नऊ नावं आली, ती या कागदाच्या पाठीवर लिहून ठेवलीत. दोन येत नायत. रात्र सरली, आज दिवस गेला, येत नायत. ज्या बाया शेवटपर्यंत इमानानं राहिल्या त्यांतल्या दोघी माझ्या हातून हरवल्या.

तुझ्यावर रागावले नाय. तुला मी सांगितलं नव्हतं. हाय तशी दे असं म्हटलं, पण हाय तशी म्हणजे कशी ते तुला कसं कळणार! तू आपलं काम चोख केलंस.

पुतळी परत पाठवते. तुझ्याकडंच ठेव. कोरी घालून मी काय करू? साच्यासाठी दिली ते दिवस सोडले तर पन्नास वर्षांत पहिल्यांदा गळा मोकळा हाय, थंडी वाजते एवढंच.

व्यासपीठावर मी येणार नाय. पोपटला कळव.

सांभाळून राहा.

आत्या


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

जोहे
२२ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
पुंडलिकाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन आठवडे मी काय लिहावं याच विचारात होतो. आखणी होईपर्यंत मूर्ती आंधळी असते, म्हणून डोळे आखताना आम्ही श्वाससुद्धा जपून घेतो. तुझ्या पुतळीचे डोळे मागच्या बाजूला होते. मी ते पुसले, आणि वर आरशासारखी झाली म्हणून तुला कौतुकाने कळवलं. दुसऱ्याचं नाव लिहायला जागा हवी होती म्हणून पुसले, हे तर आणखी वाईट. गणपतीपुढे बसलो तरी मान वर होईना.

तू एक नाव काढायचं नाही म्हणाली होतीस. ते काढतो आहे. मी धोंडुबाईंकडे गेलो होतो.

दुसरीकडे जाणार तरी कुठे? अठरांपैकी आता तू नि त्या, दोघीच उरलात. वडखळच्या पुढे आत खारेपाटात त्यांचं घर, त्यांचा नातू प्रवीण मला नाक्यावरून घेऊन गेला. धोंडुबाईंना आता जवळजवळ दिसत नाही. ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या, हाताच्या अंदाजाने. मी नाव सांगितलं, तर म्हणाल्या की जनूच्या भाच्याला मी चालण्यावरून ओळखलं, दादाच चालत आला असं वाटलं. मग विचारलं की ती भैरी अजून तशीच ताठ आहे का. तू बहिरी झालीस हे त्यांना कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही.

मी त्यांना घडलं ते सगळं सांगितलं. त्या वाल सोलत राहिल्या. मग टोपली बाजूला ठेवली, दोन्ही हात पुढे केले, कुणाकडून तरी काही घेतल्यासारखे, आणि नावं घ्यायला लागल्या. एक नाव घ्यायचं, हात डावीकडून उजवीकडे न्यायचे. दुसरं नाव, पुन्हा हात. मला आधी कळलंच नाही. मग कळलं की त्या चिखलाची टोपली पुढे देत होत्या. त्या दिवशी ज्या क्रमाने तुम्ही उभ्या होतात त्याच क्रमाने, न अडखळता, अठरा. आत्या, तुझी माळ गेलेल्यांच्या क्रमाची होती, त्यांची उभ्या राहिलेल्यांच्या क्रमाची.

तू लिहिलेली नऊ नावं मी वाचून दाखवली. तुला न आठवलेल्या दोघी म्हणजे मिठाच्या आगरावरची ठकी आणि पोपटची चुलती हिरी. तू रेघ कुणाकुणाची मारली असशील तेही त्यांनी बरोबर ओळखलं. आणि मग म्हणाल्या की अकरा नव्हे, बारा.

बारावी सिपोरा.

सिपोराबाईंची पुतळी खाडीत खुबे-शिंपल्या काढताना दोरा तुटून चिखलात गेली होती. आठ दिवस त्यांनी चिखल चाळला. त्यानंतर महिन्याभरात त्यांना जायचं होतं. तुला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटत होती, जनूने सासरी एवढं सोसून राखली आणि आपण हरवली म्हणून. धोंडुबाईंनी स्वतःची काढून त्यांच्या गळ्यात बांधली. आपण बांधाजवळ राहणार, आपल्याला बांध रोज दिसेल. ती लांब चालली आहे, तिला हवी, असं त्यांचं म्हणणं. आणि सिपोराबाईंनी शपथ घातली की मी जिवंत आहे तोवर हे जनूला सांगायचं नाही. म्हणून तू विचारलंस तेव्हा त्या हसल्या. दुसरं काय करणार होत्या?

सिपोराबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या मुलीने, डेबोराने, प्रवीणला फोन केला होता. त्यांच्या रीतीप्रमाणे दागिना बरोबर देत नाहीत, म्हणून शेवटी अंगावरून तो डेबोरानेच उतरवला, आणि आता तिच्या गळ्यात असतो. फोटो पाठवला आहे. प्रवीणने मला दाखवला. उघाडी आणि दोन लाटा, आत्या. तिकडेसुद्धा.

शपथ सुटली तेव्हा तुला कळवायला हवं होतं, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तिला फोन ऐकू येत नाय, मला लिहायला येत नाय, आणि तिसऱ्याच्या तोंडून सांगायची ही गोष्ट नाय. मग मलाच कसं सांगितलंत, असं विचारलं, तर म्हणाल्या की तू चूक करून आलायस, चूक केलेल्या माणसाला सांगता येतं.

रांगेत त्या तुझ्यापासून एक सोडून होत्या. मध्ये सिपोरा. धोंडुबाईंच्या हातची टोपली सिपोराच्या हातून तुझ्याकडे येत होती.

परत येताना मी पोपटकडे गेलो. मागच्या बाजूला कुणाचंही नाव घालणार नाही, पुतळ्या कोऱ्या पाठीच्या होतील नाहीतर होणार नाहीत, असं सांगितलं. तो चिडला. त्या मागच्या बाजूला काय सोनं लागलंय का, म्हणाला. मी म्हटलं, तुझी चुलती लागली होती, मी घासून काढली. हिरी त्या अठरांत होती हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पुतळी माझ्याकडे आहे. रेघा मी मारणार नाही, तो हक्क माझा नाही. तू सांगशील त्या दिवशी घेऊन येतो. धोंडुबाईंनाही आणू का, एवढं कळव.

पूर्वीइतका लोभ मागायची आज हिंमत नाही. उरला असेल तेवढा दे.

तुझा
पुंडलिक


॥ श्री धावीर महाराज प्रसन्न ॥

रोहा
२६ डिसेंबर २०२४

चि. पुंडलिकास,
आत्याचे भरपूर आशीर्वाद.

पत्र चारदा वाचलं. पाचव्यांदा ऋतुजानं वाचलं आणि ती रडली, म्हणून मला रडता आलं नाय. कुणीतरी भाताकडं बघायला हवं होतं.

धोंडूला इकडं आणू नको. तिच्या दारावरून तीस वर्षं तोंड फिरवून मी गेले, ती नाय. एकदा तर वडखळच्या नाक्यावर ती समोर आली आणि मी एसटीच्या पाट्या वाचत उभी राहिले. चौथीपर्यंत शिकले त्याचा एवढाच उपयोग केला. म्हणून जायचं ते मलाच. रविवारी ५ तारखेला ऋतुजाबरोबर वडखळला उतरते. तू नाक्यावर ये. पुतळी खिशात आण, दाभण मी आणते.

आणखी एक काम. या पत्राबरोबर पुडीत माझी जोडवी हायत. आतोबा गेल्यापासून पेटीत पडून होती. कंपनीच्या पगारातून घेतलेली, बांधाच्या कामी येऊ दे. ते वरून बघून हसतील, आणि म्हणतील की अखेर मलाही मंडळात ओढलंच. त्या चांदीची तुझ्या साच्यातून एक पुतळी कर. नक्कल म्हणू नको, एकोणिसावी म्हण. ती धोंडूच्या गळ्यात मी बांधीन.

मागची बाजू कोरी ठेव. पॉलिश पेपर फिरवायचा तर या वेळी खुशाल फिरव. तिच्या पुतळीवरची पहिली रेघ माझी असायला हवी. मी तिच्या आधी जाणार हे मी ठरवून टाकलंय, तिला सोडून मागं राहायचं माझ्यात बळ नाय.

तुझ्या चुकीचं म्हणशील तर असं हाय, की तू ती बाजू घासली नसतीस तर मी अकराच रेघांवर बोट फिरवत गेले असते आणि बारावीला दारातच ठेवलं असतं. देवानं तुझ्या हातून घासून घेतलं असं मी धरलंय. तू पण तसंच धर आणि आखणीला बस, माघी गणपती खोळंबलेत.

मायेला काय तोटा नाय, मधूनमधून येऊन घेऊन जा.

तुझी
आत्या


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

जोहे
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
पुंडलिकाचा सा. न. वि. वि.

तू पेणला आली नाहीस म्हणून परवाचा वृत्तान्त कळवतो. हळदीकुंकू मोठं झालं. पोपटने साहेबांना काय सांगितलं देव जाणे, पण पुतळ्या कोऱ्या पाठीच्याच वाटल्या. विधवा-सवाष्ण न बघता एका रांगेने दिल्या. पोपटने स्वतः एक मागून घेतली. गळ्यात घातली नाही, खिशात ठेवली. जाताना माझ्याकडे येऊन हळूच विचारलं की दाभण कुठलं लागतं.

पण माझ्यापुरता सोहळा ५ तारखेलाच झाला होता. तुला ऐकू यावं म्हणून धोंडुबाई एकेक नाव ओरडून सांगत होत्या आणि तू मान खाली घालून रेघ मारत होतीस. तुझं लक्ष नव्हतं, पण चौथ्या नावाला शेजारची बाई बाहेर आली, सातव्याला समोरच्या घरातली माणसं. सिपोराचं नाव आलं तेव्हा सगळी आळी ओट्यासमोर उभी होती, कुणी बोलवलेलं नसताना. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. कुणी आरती करत नव्हतं, तरी माझे हात आपोआप जोडले गेले.

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला काल धोंडुबाईंकडे जाऊन आलो. एकोणिसावी पुतळी गळ्यात आहे. मागच्या बाजूने अंगठा फिरवत बसतात, काही लागत नाही तरी. पहिल्या रेघेचं तू म्हणालीस ते मी त्यांना आठवण म्हणून सांगितलं. त्यांनी तुला निरोप दिला आहे, जसाच्या तसा लिहितो. मला डोळ्यांनी दिसत नाय, रेघ वाकडी जाईल, चांदी उगाच खराब होईल. तेव्हा त्या भैरीला सांग, मरायची घाई करू नको, आणि येत्या रविवारी वाल सोलायला ये.

मी रविवारी नाक्यावर उभा राहतो. अनिता त्या दिवशी जिताडं साफ करणार आहे, ते कसं होतं एवढं तू बघावंस, आणि लोभ पूर्वीपेक्षा एक रेघ जास्तच ठेवावास.

तुझा
पुंडलिक